ओव्हरड्राइव्ह पेडल (घरगुती बांधणी)

ओव्हरड्राइव्ह पेडल हे इलेक्ट्रिक गिटार आणि ध्वनिविवर्धक यांच्यामध्ये जोडले जाणारे, पायाने चालू-बंद करता येणारे लहान इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. ते गिटारच्या क्षीण विद्युत संकेताचे विवर्धन करते आणि ठरावीक पातळीच्या वर गेलेली तरंगाची शिखरे हळुवारपणे कापते. यामुळे मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात आणि आवाज भरीव, किंचित खरखरीत व दीर्घकाळ टिकणारा होतो. त्याच्या मंडलात म्हणजेच सर्किटमध्ये साधारण वीस-पंचवीस सुटे भाग असतात. ते ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते व घरातील विजेच्या मुख्य जोडणीशी त्याचा थेट संबंध येत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकू लागलेल्या व्यक्तीसाठी ते घरच्या घरी बांधण्यास योग्य समजले जाते. हे भाग पुण्यातील बुधवार पेठ किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोड यांसारख्या बाजारांत सुटे मिळतात.

## नाव आणि व्याप्ती

विवर्धकाला त्याच्या क्षमतेपेक्षा मोठा संकेत देऊन चालवणे, या अर्थाने 'ओव्हरड्राइव्ह' हा शब्द रूढ झाला. गिटारच्या संदर्भात आवाजाच्या विरूपणाचे ढोबळमानाने तीन प्रकार मानले जातात.

- ओव्हरड्राइव्ह : तरंगाचे शिखर गोलाई राखून दबते. तार हळू छेडली तर आवाज जवळजवळ स्वच्छ राहतो, जोरात छेडली तर खरखर वाढते.
- डिस्टॉर्शन : शिखर अधिक तीव्रतेने कापले जाते. छेडण्याच्या जोरातील फरक कमी जाणवतो.
- फझ : तरंग जवळजवळ चौकोनी होतो आणि आवाज गुणगुणणारा, करवतीसारखा येतो.

या प्रकारांमधील सीमा काटेकोर नाहीत. एकाच मंडलात डायोड कोठे जोडले आहेत आणि विवर्धन किती आहे, यावर प्रकार बदलतो.

## इतिहास

विरूपित गिटारचा आवाज प्रथम बिघाडातून किंवा अतिवापरातून निर्माण झाला. १९५१ मध्ये अमेरिकेत ध्वनिमुद्रित झालेल्या 'रॉकेट ८८' या गीतातील गिटारची खरखर खराब झालेल्या विवर्धकामुळे आली होती. १९६१ मध्ये गायक मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीताच्या ध्वनिमुद्रणातही यंत्रातील दोषामुळे असाच आवाज उमटला. तो नको म्हणून काढून टाकण्याऐवजी ठेवण्यात आला. १९६२ मध्ये माएस्ट्रो कंपनीने 'फझ-टोन' हे पेडल बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीतात ते वापरले गेले आणि अशा पेडलांना मागणी आली.

निर्वात नलिकांचे म्हणजेच व्हॉल्व्हचे विवर्धक मोठ्या आवाजात चालवले की त्यांतून गोलाई असलेले विरूपण मिळते. तोच परिणाम लहान आवाजात मिळवण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकात जपानमध्ये यशस्वी झाले. बॉस कंपनीचे 'ओडी-१' हे पेडल १९७७ मध्ये आले. त्यानंतर थोड्याच काळात निश्शिन कंपनीतील अभियंता सुसुमु तामुरा यांनी रचलेले 'ट्यूब स्क्रीमर' हे पेडल आयबानेझ या नावाने विकले जाऊ लागले. त्यात जेआरसी ४५५८ हा दुहेरी संक्रियात्मक विवर्धक (ऑप-अँप) आणि त्याच्या प्रतिपोषण मार्गात उलटसुलट जोडलेले दोन सिलिकॉन डायोड होते. घरगुती बांधणीत आज सर्वाधिक गिरवली जाणारी रचना हीच आहे.

भारतात १९७० च्या सुमारास 'सिमला बीट' स्पर्धेच्या निमित्ताने निघालेल्या ध्वनिमुद्रिकांमध्ये फझ गिटारचा आवाज ऐकू येतो. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी वाद्यसामग्री आयात करणे महाग व अवघड होते. आता आयात सुलभ झाली असून मुंबईतील 'अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन' यांसारखे उत्पादक भारतातच पेडल तयार करतात.

## कार्यतत्त्व

### विवर्धन आणि शिखर कापणे

गिटारच्या तारेखालील पिकअप हे तारेच्या कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करते. हा संकेत साधारणपणे काही दशक मिलिव्होल्टपासून काही शतक मिलिव्होल्टपर्यंत असतो. ऑप-अँप तो अनेक पटींनी वाढवतो. विवर्धन किती पट होईल हे प्रतिपोषण मार्गातील रोधक (रेझिस्टर) आणि ऋण अग्रापासून भूमीकडे जाणारा रोधक यांच्या गुणोत्तरावर ठरते :

विवर्धन = १ + (प्रतिपोषण रोध ÷ भूमीकडील रोध)

भूमीकडील रोध ४.७ किलोओहम आणि प्रतिपोषण रोध ५१ किलोओहम असल्यास विवर्धन सुमारे १२ पट होते. त्याच मार्गात ५०० किलोओहमचा परिवर्ती रोधक (पॉट) पूर्ण फिरवून जोडला की ते सुमारे ११८ पट होते.

प्रतिपोषण मार्गात दोन डायोड एकमेकांच्या विरुद्ध दिशेने समांतर जोडलेले असतात. त्यांवरील दाब सुमारे ०.६ व्होल्टपेक्षा कमी असेपर्यंत ते जवळजवळ प्रवाह वाहू देत नाहीत. दाब या मर्यादेकडे गेला की डायोड वाहू लागतात, प्रतिपोषण मार्गाचा रोध घटतो आणि त्या क्षणापुरते विवर्धनही घटते. विवर्धन १२ पट असताना सुमारे ५५ मिलिव्होल्टच्या संकेताला ही मर्यादा येते. विवर्धन ११८ पट असताना ५ मिलिव्होल्टच्या संकेतालाही ती येते. म्हणूनच 'ड्राइव्ह'चे बटण कमी ठेवले असता केवळ जोरकस आघात खरखरतात आणि वाढवले असता विरत जाणारा स्वरही खरखरीत राहतो.

डायोड अचानक नव्हे, तर क्रमाक्रमाने वाहू लागतात. शिवाय या रचनेत मूळ संकेत कापलेल्या संकेतात मिसळलेला राहतो. या दोन कारणांमुळे शिखराला गोलाई येते. हेच डायोड ऑप-अँपच्या निर्गमानंतर भूमीकडे जोडले तर शिखर सपाट कापले जाते आणि आवाज डिस्टॉर्शनकडे झुकतो.

### उपस्वर

शुद्ध ज्या-तरंगात एकच कंप्रता म्हणजे वारंवारता असते. तरंगाचा आकार बदलला की मूळ कंप्रतेच्या पटींतील उपस्वर निर्माण होतात. वरची व खालची शिखरे सारखीच कापली तर तिसरा, पाचवा, सातवा असे विषम उपस्वर येतात. एका दिशेला एक व दुसऱ्या दिशेला दोन डायोड जोडून ती असमान कापली तर दुसरा, चौथा असे सम उपस्वरही मिसळतात.

भारतीय वाद्यांमधील 'जवारी' हे या संदर्भात बोधप्रद उदाहरण आहे. तानपुऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग किंचित वक्र असतो व कंप पावणारी तार त्याला वारंवार स्पर्श करते. त्यामुळे एका तारेतून उपस्वरांचा समृद्ध पट्टा ऐकू येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी या परिणामाचा अभ्यास केला होता. सांगली जिल्ह्यातील मिरज येथील तंतुवाद्य कारागीर घोडी घासून जवारी काढतात. जवारीत उपस्वर यांत्रिक स्पर्शातून येतात आणि पेडलमध्ये डायोडमधून. दोन्हींत कारणे भिन्न असली तरी मूळ तत्त्व एकच आहे. दिलेल्या कंपनाला सरळ प्रमाणात प्रतिसाद न देणारा घटक नवे उपस्वर निर्माण करतो.

दोन स्वर एकाच वेळी पेडलमधून गेले तर त्यांच्या कंप्रतांची बेरीज व वजाबाकी असलेले स्वरही तयार होतात. षड्ज-पंचमाची जोडी, उदाहरणार्थ ११० व १६५ हर्ट्झ, वाजवली तर ५५ हर्ट्झचा स्वर मिळतो. तो षड्जाचाच खालचा सप्तक असल्याने कानाला गोड लागतो. गुंतागुंतीच्या स्वरसमूहांत मात्र असे स्वर परस्परांशी विसंगत ठरतात आणि आवाज चिखलासारखा गढूळ होतो. रॉक संगीतात दोन स्वरांचे 'पॉवर कॉर्ड' प्रचलित होण्याचे हे एक कारण आहे.

### खर्जाची छाटणी

ऋण अग्रापासून भूमीकडे जाणाऱ्या ४.७ किलोओहम रोधकाच्या मालिकेत ४७ नॅनोफॅरडचे धारित्र (कपॅसिटर) असते. ही जोडी सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली विवर्धन कमी करत जाते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. ड्राइव्ह पूर्ण असताना वरच्या स्वरांना ११८ पट विवर्धन मिळते, तर या स्वराला केवळ १३ पटींच्या आसपास. खर्ज कमी कापला गेल्याने आवाज स्पष्ट राहतो व मध्यम कंप्रता उठून दिसतात.

## मंडलाची रचना

नवशिक्यांसाठी सुटसुटीत केलेल्या एका रचनेतील भाग पुढीलप्रमाणे आहेत.

वीजपुरवठा
- ९ व्होल्टची बॅटरी किंवा अ‍ॅडॉप्टर
- उलट जोडणीपासून संरक्षणासाठी १एन५८१७ हा डायोड, धन वाहिनीच्या मालिकेत
- पुरवठ्यावर १०० मायक्रोफॅरडचे धारित्र
- १० किलोओहमचे दोन रोधक व ४७ मायक्रोफॅरडचे धारित्र, अर्धा दाब तयार करण्यासाठी

निवेश व विवर्धन
- निवेशाच्या जॅकवर भूमीकडे २.२ मेगाओहमचा रोधक
- मालिकेत ४७ नॅनोफॅरडचे धारित्र
- धन अग्रापासून अर्ध्या दाबाकडे १ मेगाओहमचा रोधक
- टीएल०७२ किंवा ४५५८ हा ऑप-अँप आणि ८ पायांचे सॉकेट
- प्रतिपोषण मार्गात ५१ किलोओहमचा रोधक व मालिकेत ५०० किलोओहमचा पॉट (ड्राइव्ह)
- त्याला समांतर ५१ पिकोफॅरडचे धारित्र आणि १एन४१४८ प्रकारचे दोन डायोड
- ऋण अग्रापासून भूमीकडे ४.७ किलोओहम व ४७ नॅनोफॅरड मालिकेत

निर्गम
- १ मायक्रोफॅरडचे धारित्र व त्यापुढे १ किलोओहमचा रोधक
- तेथून भूमीकडे १० किलोओहमचा पॉट (टोन) व मालिकेत १०० नॅनोफॅरडचे धारित्र
- १०० किलोओहमचा पॉट (व्हॉल्यूम)

गिटारचा संकेत शून्याच्या वर व खाली दोन्ही दिशांना हेलकावतो. बॅटरीकडे मात्र ० ते ९ व्होल्ट एवढाच पल्ला असतो. म्हणून १० किलोओहमच्या दोन रोधकांनी सुमारे ४.५ व्होल्टचा मध्यबिंदू तयार केला जातो व संकेत त्याभोवती हेलकावतो. निवेश व निर्गमावरील धारित्रे हा स्थिर दाब बाहेर जाऊ देत नाहीत, बदलता संकेत तेवढा जाऊ देतात.

टोनचा पॉट शून्य रोधावर नेला असता १ किलोओहम व १०० नॅनोफॅरड ही जोडी सुमारे १.६ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर मंद करते. पॉटचा रोध वाढवला की ही छाटणी कमी होते.

टीएल०७२ व ४५५८ या दोन्ही प्रकारांत एका आवरणात दोन विवर्धक असतात आणि पायांची मांडणी सारखीच असते. पाय क्रमांक १ निर्गम, २ ऋण निवेश, ३ धन निवेश, ४ भूमी आणि ८ पुरवठा असा क्रम आहे. वरील रचनेत दुसरा विवर्धक वापरलेला नाही. तो तसाच मोकळा सोडल्यास अनियमित दोलने होऊन गोंगाट येऊ शकतो. म्हणून पाय ६ व ७ एकमेकांना आणि पाय ५ अर्ध्या दाबाला जोडतात.

## बांधणीची प्रक्रिया

### ब्रेडबोर्डवरील चाचणी

डाख देण्यापूर्वी संपूर्ण मंडल ब्रेडबोर्डवर जुळवून पाहण्याची पद्धत आहे. येथे भाग बदलणे सोपे असल्याने प्रत्येक भागाचे कार्य कानाने पडताळता येते. प्रतिपोषणातील सिलिकॉन डायोडांऐवजी लाल एलईडी लावल्यास मर्यादा सुमारे १.७ व्होल्टपर्यंत वाढते आणि आवाज अधिक मोकळा व मोठा होतो. जर्मेनियम डायोड लावल्यास मर्यादा ०.३ व्होल्टच्या आसपास येते व खरखर लवकर सुरू होते. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंमध्ये असे जर्मेनियम डायोड सापडतात.

### डाखकाम

चाचणीनंतर मंडल व्हेरोबोर्डवर किंवा सर्वसाधारण छिद्रित पटलावर उतरवले जाते. व्हेरोबोर्डवर तांब्याच्या समांतर पट्ट्या असतात. ऑप-अँपच्या समोरासमोरील पायांमधील पट्ट्या तोडाव्या लागतात, अन्यथा ते पाय एकमेकांना जोडले जातात. नवशिक्यांच्या बांधणीत ही पट्टी तोडायची राहून जाणे सर्रास घडते.

२५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न या कामाला पुरेसे असते. साठ टक्के कथील व चाळीस टक्के शिसे असलेला डाख १९० अंश सेल्सिअसच्या आत वितळतो. आयर्नचे टोक प्रथम पाय व तांबे या दोहोंना एकाच वेळी टेकवून ते तापवतात आणि डाख टोकाला न लावता तापलेल्या सांध्याला लावतात. चांगला सांधा चकचकीत व शंकूसारखा दिसतो. मंद, गोळा झालेला सांधा बहुधा 'कोरडा' असतो व तो पुन्हा तापवावा लागतो.

बुटके भाग आधी आणि उंच भाग नंतर बसवले जातात : तारांचे पूल, रोधक, डायोड, सॉकेट, लहान धारित्रे, शेवटी विद्युत-अपघटनी धारित्रे. डायोडवरील पट्टा ऋण बाजू दाखवतो. विद्युत-अपघटनी धारित्रावर ऋण पायाच्या बाजूला पट्टी असते. ही दोन्ही योग्य दिशेनेच बसवावी लागतात. ऑप-अँप अगदी शेवटी सॉकेटमध्ये बसवल्याने तो डाखकामाच्या उष्णतेपासून वाचतो.

### स्विच, जॅक आणि पेटी

पायाच्या दाबाने चालणारा नऊ पायांचा स्विच तीन स्वतंत्र जोड्या एकाच वेळी बदलतो. दोन जोड्या संकेताला मंडलातून किंवा थेट पुढे पाठवतात आणि तिसरी निर्देशक एलईडी चालू-बंद करते. थेट मार्गात संकेत मंडलाला स्पर्श न करता जातो.

निवेशासाठी स्टिरिओ जॅक वापरून बॅटरीचे ऋण टोक त्याच्या मधल्या कड्याला जोडण्याचा प्रघात आहे. गिटारची साधी पिन आत घातली की कडे व भूमी जोडले जाऊन मंडल सुरू होते आणि पिन काढली की बंद होते. त्यामुळे वेगळा स्विच लागत नाही. मात्र वाजवून झाल्यावर पिन काढून ठेवली नाही, तर बॅटरी उतरत राहते.

पेटी धातूची असावी लागते, कारण भूमीला जोडलेला धातू बाहेरील विद्युत गोंगाट अडवतो. सुमारे ११२ × ६० × ३१ मिलिमीटर मापाची ओतीव अ‍ॅल्युमिनियमची पेटी प्रचलित आहे. घट्ट झाकणाचा जाड पत्र्याचा डबाही चालतो. प्लॅस्टिकच्या डब्यात असे संरक्षण मिळत नाही व विजेची गुणगुण ऐकू येते. अशा छंदात इलेक्ट्रॉनिक भागांपेक्षा पेटी व पायाचा स्विच यांवर बहुधा अधिक खर्च होतो.

## दोषशोधन

बांधलेले पेडल पहिल्या प्रयत्नात न चालणे ही सामान्य बाब आहे. मल्टिमीटरने पुढील स्थिर दाब तपासल्यास बहुतेक दोष सापडतात. नव्या बॅटरीवर संरक्षक डायोडमुळे किंचित घट धरून हे आकडे अपेक्षित असतात.

- पाय ८ : सुमारे ८.८ व्होल्ट
- पाय ४ : ० व्होल्ट
- अर्ध्या दाबाचा बिंदू : सुमारे ४.४ व्होल्ट
- पाय १ व २ : सुमारे ४.४ व्होल्ट
- पाय ३ : मीटरवर सुमारे ४ व्होल्ट

पाय ३ वरील कमी आकडा बिघाड दर्शवत नाही. तेथे दाब १ मेगाओहमच्या रोधकातून येतो आणि सामान्य डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो. मीटर जोडल्यामुळेच तो दाब एक-अकरांशाने घटतो. मोजण्याचे साधन मोजल्या जाणाऱ्या गोष्टीवर परिणाम करते, या प्रयोगशास्त्रातील नियमाचा हा साधा प्रत्यय आहे.

दाब योग्य असूनही आवाज येत नसेल तर संकेताचा माग काढतात. त्यासाठी विवर्धकाला जोडलेल्या तारेच्या टोकाला १०० नॅनोफॅरडचे धारित्र लावून त्याने निवेशापासून निर्गमापर्यंत एकेक बिंदू स्पर्शून पाहतात. जेथे आवाज नाहीसा होतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे दोष असतो. पुढील लक्षणेही नेहमी आढळतात.

- आवाज आहे पण खरखर नाही : डायोड तुटलेले, किंवा ड्राइव्हच्या पॉटची जोडणी चुकलेली.
- सतत गुणगुण : पेटी किंवा जॅक भूमीला जोडलेला नाही, अथवा अ‍ॅडॉप्टरचा पुरवठा निर्मळ नाही.
- ड्राइव्ह वाढवताच शिट्टी : निवेश व निर्गमाच्या तारा एकमेकींच्या जवळून जातात.
- बटण उलट चालणे : पॉटच्या कडेच्या दोन तारांची अदलाबदल.
- व्हॉल्यूम सुरुवातीलाच एकदम वाढणे : लघुगणकीय पॉटऐवजी रेषीय पॉट बसवलेला. बाजारातील अनेक पॉटांवर रेषीयसाठी 'बी' आणि लघुगणकीयसाठी 'ए' हे अक्षर असते.

## सुरक्षितता

९ व्होल्टच्या मंडलात विजेच्या धक्क्याचा धोका नसतो. तापलेल्या टोकामुळे भाजणे, डाखाच्या धुरामुळे डोळ्यांची जळजळ होणे आणि शिसे हाताला लागणे हे प्रत्यक्ष धोके आहेत. म्हणून काम खिडकीजवळ करावे, काम करताना खाऊ नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत, असे सांगितले जाते. भागांचे पाय कापताना तुकडा उडतो, यासाठी चष्मा वापरतात.

पेडलांसाठीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बहुधा पिनचा मध्य ऋण असतो. घरातील इतर उपकरणांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तो अनेकदा धन असतो. संरक्षक डायोड नसलेल्या मंडलाला चुकीचा अ‍ॅडॉप्टर लावल्यास ऑप-अँप व धारित्रे निकामी होऊ शकतात. व्हॉल्व्हच्या विवर्धकात मात्र शेकडो व्होल्ट असतात व बंद केल्यानंतरही काही काळ टिकून राहतात. नवशिक्याने पेडलच्या अनुभवावर विसंबून असा विवर्धक उघडणे प्राणघातक ठरू शकते.

## पुणे व खराडीच्या संदर्भात

खराडी हे पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठा नदीकाठचे एकेकाळचे शेतीप्रधान गाव आज शहराचे उपनगर आहे. इऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर व उंच गृहसंकुले यांमुळे तेथील वस्ती दाट झाली आहे. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'एनएच७ वीकेंडर' या संगीत महोत्सवाचे नंतरचे काही कार्यक्रम खराडी परिसरातील महालक्ष्मी लॉन्स येथे झाले.

सदनिकांमध्ये गिटार वाजवताना आवाजाची मर्यादा हा व्यावहारिक प्रश्न असतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. व्हॉल्व्हच्या विवर्धकातून नैसर्गिक ओव्हरड्राइव्ह मिळवायचा तर तो मोठ्या आवाजात चालवावा लागतो व भिंतीपलीकडील शेजाऱ्यांना त्याचा त्रास होतो. पेडलमध्ये विरूपण विवर्धकाच्या आधीच, अत्यल्प शक्तीवर घडते. विवर्धकाचा आवाज कितीही लहान ठेवला तरी स्वराचा पोत तोच राहतो. दाट वस्तीत या उपकरणाची खरी उपयुक्तता यातच आहे.

सुट्या भागांसाठी पुण्यातील जुनी बाजारपेठ बुधवार पेठेत, पासोड्या विठोबा मंदिर व तपकीर गल्लीच्या परिसरात आहे. ती खराडीपासून सुमारे दहा-बारा किलोमीटरवर आहे. रोधक, धारित्रे, डायोड व ऑप-अँप तेथे सुटे मिळतात. नऊ पायांचा स्विच आणि ओतीव पेटी यांसाठी बहुधा ऑनलाइन विक्रेत्यांकडे जावे लागते. ५१ किलोओहमऐवजी ४७ किंवा ५६ किलोओहम, ५१ पिकोफॅरडऐवजी ४७ पिकोफॅरड आणि ५०० किलोओहमऐवजी ४७० किलोओहम घेतल्यास आवाजात जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

हाताने करून शिकण्याची परंपरा पुणे जिल्ह्यात अन्यत्रही आढळते. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीबाहेर उभारलेल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक तेथे आहे.

## शैक्षणिक महत्त्व

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता बारावीच्या भौतिकशास्त्रात अर्धवाहक उपकरणांचा समावेश आहे. तेथे डायोडचा वक्र आलेखावर दिसतो. ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये तोच वक्र कानाने ऐकू येतो. दाबविभाजक, धारित्राचा प्रतिरोध, ऋण प्रतिपोषण, गाळणी व उपस्वर या संकल्पना एकाच लहान मंडलात एकत्र येतात आणि प्रत्येकीचा परिणाम भाग बदलून लगेच पडताळता येतो. शिवाय स्वतः बांधलेले उपकरण बिघडले तर ते दुरुस्तही करता येते. एखादी तार सुटली किंवा जॅक सैल झाला म्हणून संपूर्ण उपकरण टाकून द्यावे लागत नाही आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात भर पडत नाही.

मूळ पेडलांच्या मंडलांचा अभ्यास व स्वतःच्या वापरासाठी बांधणी जगभर केली जाते. मात्र एखाद्या उत्पादकाचे नाव किंवा बोधचिन्ह लावून अशी पेडल विकल्यास व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ चा भंग होऊ शकतो.

## हेही पाहा

- इलेक्ट्रिक गिटार
- संक्रियात्मक विवर्धक
- डायोड
- जवारी
- विज्ञान आश्रम
- खराडी